केसाळ कुत्र्यांची निगा : जट होण्याआधीच घ्यावयाची काळजी

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर परिसरातील दमट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस लांब केसांच्या कुत्र्यांना मानवत नाही. वरून मऊ दिसणाऱ्या केसांखाली कातडीलगत जट तयार होते आणि ती लक्षात येईपर्यंत कातडीला इजा झालेली असते. घरच्या घरी, मोजक्या साधनांनी आणि रोजच्या पंधरा-वीस मिनिटांत ती टाळता येते. त्यासाठी काय करावे, काय टाळावे आणि केस आखूड करणे केव्हा योग्य, याची ही माहिती.

- प्रतिनिधी

मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावरील या तीन शहरांत गेल्या काही दशकांत चाळी व बैठ्या घरांची जागा इमारतींनी घेतली. घरे लहान झाली, तशी घरात पाळायची कुत्रीही लहान व शोभिवंत झाली. पूर्वी अंगणात राखणीला असणाऱ्या कुत्र्याऐवजी आता सोफ्यावर बसणारा ल्हासा अप्सो, शिह त्झू किंवा पांढराशुभ्र पॉमेरेनियन दिसतो. 'हम आपके हैं कौन' या १९९४ सालच्या चित्रपटातील टफीमुळे घरोघरच्या मुलांना अशा पांढऱ्या, झुपकेदार कुत्र्याचे वेड लागले. तो स्पिट्झ जातीचा होता. पुढे त्यात गोल्डन रिट्रीव्हर, कॉकर स्पॅनियल आणि माल्टीज यांची भर पडली.

यांपैकी बहुतेक जाती थंड प्रदेशातून आलेल्या. ल्हासा अप्सो तिबेटच्या पठारावरचा, तेथील मठांत राखण करणारा. पॉमेरेनियनचे नाव बाल्टिक समुद्रालगतच्या पॉमेरेनिया प्रांतावरून पडले. गोल्डन रिट्रीव्हर एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमध्ये तयार करण्यात आला. कोरड्या, थंड हवेसाठी घडलेले हे केस येथे उन्हाळ्यातील चाळिशीपलीकडचा पारा आणि पावसाळ्यातील कोकणपट्टीची दमट हवा सोसतात. या परिसरातील पावसाचा जोर किती असतो, हे २६ जुलै २००५ च्या महापुराने आणि २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान पाण्यात अडकलेल्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने साऱ्या महाराष्ट्राला दाखवून दिले. अशा दिवसांत ओले झालेले कुत्रे पूर्ण कोरडे करणे, हेच त्याच्या निगेतील सर्वांत अवघड काम ठरते.

जट होते कशी?

कुत्र्याच्या कातडीवरील एकाच छिद्रातून एक जाड केस आणि त्याच्याभोवती अनेक बारीक, मऊ केस उगवतात. जाड केसांचा वरचा थर पाणी व धूळ अडवतो, तर आतली मऊ लोकर उष्णता राखते. केसाची वाढ ठरावीक काळाने थांबते आणि तो गळतो. आखूड केसांच्या कुत्र्याचा गळलेला केस फरशीवर पडतो. लांब केसांच्या कुत्र्याचा गळलेला केस मात्र शेजारच्या केसांत अडकून तेथेच राहतो. गुंत्याची सुरुवात या मृत केसापासून होते.

केसाचा पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसला, तरी सूक्ष्मदर्शकाखाली त्यावर कौलांसारखे खवले दिसतात. त्यांची टोके केसाच्या शेंड्याकडे वळलेली असतात. घर्षण झाले की केस एका दिशेने सहज सरकतो, उलट दिशेने मात्र अडकतो. ओलावा मिळाला की केस फुगतो, खवले अधिक उघडतात आणि एकमेकांत रुततात. काश्मीरमधील नमदा याच तत्त्वावर तयार होतो. तेथे लोकर विणली जात नाही. साबणाचे पाणी शिंपडून ती दाबली व लाटली जाते आणि तिची घट्ट चादर बनते. पाणी, दाब आणि घर्षण या तीन गोष्टी कुत्र्याच्या अंगावर एकत्र आल्या की तेथेही नमदाच तयार होतो.

माणसाच्या डोक्यावरील जटेचे कारणही फार वेगळे नाही. जट म्हणजे देवीचा कौल, ही समजूत महाराष्ट्रात व सीमाभागात दीर्घकाळ होती. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते जटनिर्मूलनाची मोहीम चालवतात आणि केस न विंचरल्याने, स्वच्छ न ठेवल्याने गुंता वाढत जातो, हे स्त्रियांना समजावून सांगतात. कुत्र्याच्या बाबतीत देवीचे नाव कोणी घेत नाही. परंतु 'या जातीचे केस असेच असतात' ही समजूत तितकीच घट्ट आहे आणि तितकीच चुकीची.

शोभेपुरता प्रश्न नाही

जटेमुळे कुत्रे विद्रूप दिसते, एवढ्यावर हा विषय संपत नाही. माणसाच्या बाह्यत्वचेत पेशींचे साधारण १० ते १५ थर असतात. कुत्र्याच्या बाह्यत्वचेत ते ३ ते ५ असतात. इतक्या नाजूक कातडीला जट प्रत्येक हालचालीबरोबर ओढत राहते. काखेत जट असलेले कुत्रे चालताना पाय आखडून घेते, जिना चढण्यास कंटाळते, उचलून घेतले की गुरगुरते. घरच्यांना तो हट्ट किंवा आळस वाटतो. प्रत्यक्षात तेथे सतत दुखत असते.

जटेखाली हवा पोचत नाही. तेथे ओल राहते, जिवाणू व बुरशी वाढते, कातडी लाल होऊन चिघळते. जखमेच्या वासाने माशा येतात आणि पावसाळ्यात अशा झाकलेल्या जखमेत अळ्या पडण्याचा धोका असतो. वरून केस दाट असल्याने त्या दिसत नाहीत. दुर्गंधी आणि कुत्र्याची अस्वस्थता एवढीच चिन्हे असतात. गोचिडींनाही जट हा उत्तम आडोसा ठरतो. गोचीड केवळ रक्त पीत नाही, तर एर्लिकिओसिस आणि बबेसिओसिस यांसारखे ताप पसरवते. या रोगांवर वेळेत उपचार झाले नाहीत, तर ते जिवावर बेतू शकतात. केस कातडीपर्यंत विंचरले जात असतील, तर गोचीड पहिल्या एक-दोन दिवसांतच हाताला लागते.

कोणाला धोका अधिक?

ल्हासा अप्सो, शिह त्झू आणि माल्टीज यांचे केस दीर्घकाळ वाढत राहतात व कमी गळतात. 'हे कुत्रे केस गाळत नाही' म्हणून ते निवडले जाते. परंतु जो केस फरशीवर पडत नाही, तो अंगावरच गुंततो. पूर्ण लांबीचे केस ठेवले असतील, तर या जातींना रोज विंचरावे लागते. पॉमेरेनियन व स्पिट्झ यांच्या अंगावर आतील लोकर दाट असते. त्यांना आठवड्यातून दोन-तीन वेळा आणि लोकर गळण्याच्या दिवसांत रोज विंचरावे. गोल्डन रिट्रीव्हरच्या पाठीवर जट क्वचितच होते. ती कानांमागे, मांड्यांच्या मागील झालरीत आणि शेपटीत होते. कॉकर स्पॅनियलचे लांब कान पाण्याच्या व जेवणाच्या भांड्यात बुडतात. त्यांच्या कानांकडे रोज लक्ष द्यावे लागते.

महाराष्ट्राच्या मातीतील कुत्र्यांतही लांब केसांचे उदाहरण आहे. कारवान या शिकारी जातीतील ज्या कुत्र्यांच्या कानांवर व शेपटीवर रेशमासारखे केस असतात, त्यांना पश्मी म्हणतात. त्यांचे अंगावरचे केस आखूड असल्याने आठवड्यातून एकदा कान व शेपूट विंचरणे पुरते. येथील हवेत घडलेले कुत्रे आणि बाहेरून आणलेले कुत्रे यांच्या निगेतील फरक यावरून ध्यानात येतो.

वयाचाही संबंध आहे. ल्हासा किंवा शिह त्झूचे पिल्लू साधारण आठ महिन्यांपासून वर्षाचे होईपर्यंत बाळकेस टाकून प्रौढ केस धारण करते. त्या काळात दोन्ही प्रकारचे केस एकमेकांत अडकतात आणि आदल्या दिवशी साफ असलेल्या जागी दुसऱ्या दिवशी गुंता दिसतो. काही जातींत, विशेषतः स्पॅनियलमध्ये, नसबंदीनंतर केस अधिक लोकरी होतात. सांधे दुखत असलेले वृद्ध कुत्रे एकाच कुशीवर तासन् तास पडून राहते. त्या बाजूला जट लवकर होते.

हात कोठे घालावा?

जट सर्वप्रथम तेथे होते, जेथे केस केसांवर किंवा कापडावर घासतात. कानांमागचा मऊ भाग, गळपट्ट्याखालची मान, पुढच्या पायांच्या काखा, जांघा, पोट, शेपटीचे मूळ, मांड्यांची मागील बाजू, हनुवटीखालची दाढी आणि पंजांच्या बोटांमधील जागा, या नऊ ठिकाणी रोज बोटे फिरवावीत. त्याला दोन मिनिटेही लागत नाहीत. बोटांना बारीक गाठ लागली, तर ती त्याच दिवशी सुटते. आठवड्याने ती सुटेलच असे नाही.

गळपट्टा घरात आणि रात्री काढून ठेवावा. रुंद सपाट पट्ट्यापेक्षा गोल शिवलेला मऊ पट्टा केसांना कमी घासतो. छातीवरून बांधायचा हार्नेस फिरून आल्यावर लगेच काढावा. तो दिवसभर राहिला, तर काखेत जट ठरलेलीच. हौसेने घातले जाणारे टी-शर्ट, स्वेटर आणि पावसाळी रेनकोट यांनाही हाच नियम लागू होतो. रेनकोटमुळे पाठ कोरडी राहते, परंतु आतील वाफ आणि घर्षण यांमुळे छाती व पोटाचे केस गुंततात. घरी आल्यावर तो काढून त्या जागा विंचराव्यात.

साधने मोजकीच हवीत

दुकानात अनेक उपकरणे मिळतात. घरासाठी तीन पुरेशी आहेत. पहिले, स्लिकर ब्रश. त्याच्या रबरी गादीवर बारीक, किंचित वाकलेल्या तारा असतात. तो मृत लोकर ओढून काढतो. तो दाबून चालवला, तर कातडी ओरबाडली जाते. आपल्या मनगटाच्या आतील बाजूवर तो आधी फिरवून पाहावा. जो दाब तेथे टोचतो, तो कुत्र्यालाही टोचतो. दुसरे, पोलादी कंगवा, ज्याचा अर्धा भाग विरळ दातांचा आणि अर्धा दाट दातांचा असतो. तिसरे, पाण्याची फवारणी करणारी साधी बाटली. तिच्यात पाण्यात मिसळलेला कुत्र्यांचा कंडिशनर भरावा. पूर्ण कोरडे केस विंचरताना तुटतात. हलक्या फवाऱ्याने ते सरकतात.

आतील लोकर खरवडून काढणारी पात्याची उपकरणे ल्हासा, शिह त्झू व माल्टीज यांच्यासाठी वापरू नयेत. त्यांनी लांब केस कापले जातात. माणसांचा प्लास्टिकचा कंगवाही टाळावा. त्याचे दात वाकतात, गुंत्यावरून निसटतात आणि काम झाल्याचा भास निर्माण करतात.

विंचरण्याची योग्य पद्धत

बहुतेक घरांत कुत्र्याला रोज ब्रश केला जातो आणि तरीही जट होते. याचे कारण पद्धतीत आहे. पाठीवरून वरच्या वर ब्रश फिरवला की वरचे केस चमकतात. कातडीलगतचा थर तसाच राहतो. महिनाभराने वर मऊ केस आणि खाली अखंड नमदा, अशी स्थिती होते.

योग्य पद्धत म्हणजे थराथराने विंचरणे. कुत्र्याला कुशीवर झोपवावे. एका हाताने केस वर उचलून धरावेत, जेणेकरून कातडीची रेघ दिसेल. जणू भांगच पाडला आहे. त्या रेघेखालचे केसच ब्रशने खाली ओढावेत, शेंड्यापासून सुरुवात करून मुळाकडे यावे. मग वरून आणखी एक बोटभर केस सोडावेत, नवा भांग पाडावा आणि तोच क्रम ठेवावा. पायांपासून सुरुवात करून पोट, कूस, पाठ असे वर जावे. चेहरा व कान शेवटी घ्यावेत, कारण तेथे कुत्रे सर्वाधिक चिडते.

ब्रश झाल्यावर कंगव्याची परीक्षा घ्यावी. कंगव्याचे दात कातडीला टेकतील असा तो धरून शेंड्यापर्यंत ओढावा. तो कोठेही न अडखळता बाहेर आला, तरच तो भाग पूर्ण झाला. जेथे अडतो, तेथे जोर न लावता ब्रशकडे परतावे. ही एक परीक्षा नेमाने घेतली, तरी बहुतांश जट टळते.

बदलापूर ते मुंबई छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर ६८ किलोमीटर आहे. रोज हा प्रवास करून रात्री घरी येणाऱ्याला संपूर्ण कुत्रे एका बैठकीत विंचरणे जमत नाही, हे उघड आहे. काम वाटून घ्यावे: एका दिवशी पुढचे पाय व छाती, दुसऱ्या दिवशी मागचा भाग, तिसऱ्या दिवशी पोट व कुशी. कान, काखा आणि जांघा मात्र रोज पाहाव्यात. घरातील दोघांनी मिळून केले, तर एकाने खाऊ भरवावा, दुसऱ्याने विंचरावे. पिल्लाला पहिल्या आठवड्यापासून रोज दोन मिनिटे ब्रशची सवय लावावी आणि ते शांत असतानाच थांबावे. जट सोडवतानाच ज्या कुत्र्याला ब्रशची पहिली ओळख होते, ते जन्मभर ब्रश पाहून पळते.

आधी विंचरणे, मग पाणी

सर्वांत मोठी आणि सर्वांत सामान्य चूक अंघोळीच्या क्रमात होते. केस गुंतले म्हणून कुत्र्याला अंघोळ घालतात आणि नंतर विंचरायला बसतात. पाणी लागताच सैल गुंता आवळतो आणि वाळताना घट्ट होतो. अंघोळीपूर्वी कंगव्याची परीक्षा पूर्ण झालीच पाहिजे. जी जट सुटली नाही, ती अंघोळीआधी कापून काढावी. ओली करू नये.

निरोगी कुत्र्याला तीन-चार आठवड्यांतून एकदा अंघोळ पुरते. माणसांचा शाम्पू वापरू नये. माणसाची कातडी आम्लधर्मी, तर कुत्र्याची जवळपास उदासीन असते. आपल्या शाम्पूने तिचा कोरडेपणा व खाज वाढते. खाजवल्याने पुन्हा गुंता होतो. शाम्पू पातळ करून घ्यावा आणि केसांच्या दिशेनेच, वरून खाली, बोटांनी पिळत लावावा. डोके धुताना गोल गोल चोळण्याची आपली सवय येथे घातक ठरते.

शाम्पू पूर्ण निघणे आवश्यक आहे. या तिन्ही शहरांना पाणीकपातीचा अनुभव आहे. अनेक संकुलांत कूपनलिकेचे किंवा टँकरचे पाणी वापरावे लागते. कूपनलिकेच्या जड पाण्यात फेस नीट निघत नाही आणि केसांवर चिकट थर राहतो. त्या थराला धूळ चिकटून गाठी होतात. म्हणून अंघोळीचा दिवस नळाच्या पाण्याच्या वेळेनुसार ठरवावा आणि शेवटच्या धुण्यासाठी दोन बादल्या स्वच्छ पाणी आधीच बाजूला काढून ठेवावे. नंतर कंडिशनर लावून तोही धुवावा. खोबरेल तेलाने केस मऊ होतात हे खरे. पण लांब केसांवर तेल चोपडले की रस्त्यावरची धूळ त्यात बसते.

टॉवेलने खसाखसा पुसू नये. टॉवेल केसांवर दाबून पाणी टिपावे. एक भिजला की दुसरा घ्यावा. त्यानंतर केस वाळवण्याचा ड्रायर सर्वांत कमी उष्णतेवर ठेवून, सुमारे हातभर अंतरावरून, ब्रश करत करत चालवावा. आपला हात मध्ये धरून झोत सोसतो का ते पाहावे. शिह त्झूसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना उष्णता लवकर बाधते; ते धापा टाकू लागले, तर लगेच थांबावे. पंख्याखाली 'आपोआप' वाळू दिलेले दाट केस पावसाळ्यात वरून वाळतात, मुळाशी ओलेच राहतात. मुळांशी बोटे घातल्यावर गारवा जाणवला, तर ते कुत्रे अजून ओले आहे असे समजावे.

जून ते दिवाळी

पावसाळ्यात प्रत्येक फेरीनंतर पाय आणि पोट कोरडे करणे हा नियम करावा. पंजांच्या गाद्यांमधील केस आखूड ठेवले, तर चिखल अडकत नाही. चिखल ओला असताना विंचरू नये. तो साध्या पाण्याने धुऊन, केस वाळवून मग ब्रश करावा. सखल भागांत साचलेल्या पाण्यातून कुत्र्याला नेऊ नये. त्यातून लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग होऊ शकतो, आणि तो माणसांनाही होतो. अंबरनाथ व उल्हासनगरमधून वाहणाऱ्या वालधुनीसारख्या प्रदूषित नदीच्या पाण्याने केस भिजले, तर ते चाटण्यापूर्वी कुत्र्याला स्वच्छ पाण्याने धुणे आवश्यक आहे. लेप्टोस्पायरोसिसची लस पावसाळ्यापूर्वी दिली आहे का, हे पशुवैद्याकडे तपासून घ्यावे.

पाऊस ओसरला की दुसरा त्रास सुरू होतो. बदलापूरच्या बाहेर बारवीच्या रस्त्याला किंवा कोंडेश्वरकडे फिरायला नेलेल्या कुत्र्याच्या अंगावर कुसळे आणि आघाड्याची बोंडे चिकटून येतात. प्रत्येक कुसळाभोवती एक नवी गाठ तयार होते. कुसळाचे टोक पुढे सरकत राहते. बोटांमध्ये, कानात किंवा काखेत ते कातडीत शिरून गळू होऊ शकते. सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात घरात शिरण्यापूर्वी दारातच कुत्र्याच्या अंगावरून कंगवा फिरवावा. एकाएकी डोके झटकणे, पंजा सतत चाटणे ही कुसळ रुतल्याची चिन्हे असू शकतात.

जट झालीच तर

नखाएवढी जट घरी सोडवता येते. तिच्यावर कंडिशनरचा फवारा किंवा चिमूटभर कॉर्नफ्लोअर घालावे, म्हणजे केस सरकतात. जट आणि कातडी यांमधले केस एका हाताच्या बोटांनी घट्ट धरावेत; त्यामुळे ओढ कातडीला न बसता बोटांना बसते. मग बोटांनी जट दोन-तीन भागांत फाडावी आणि शेंड्याकडून कंगव्याच्या टोकाने थोडे थोडे मोकळे करावे. पाच मिनिटांत ती सुटली नाही किंवा कुत्रे वेदनेने ओरडू लागले, तर थांबावे.

कात्रीबाबत विशेष दक्षता हवी. जट ओढली की खालची कातडीही तंबूसारखी वर येते आणि कात्रीत सापडते. कानामागे आणि काखेत असे काप सहज होतात व टाके घालावे लागतात. कात्रीऐवजी क्लिपर अधिक सुरक्षित आहे. अन्य पर्याय नसल्यास, जट आणि कातडी यांमध्ये कंगवा आडवा सरकवून, कंगव्याच्या वरूनच केस कापावेत. कंगवा आत जात नसेल, तर घरी कापण्याचा विचार सोडून द्यावा. रॉकेल, फिनेल किंवा कपड्यांचा साबण यांचे घरगुती प्रयोग करू नयेत. कुत्रे अंग चाटते आणि हे पदार्थ पोटात जातात.

सर्वांगावर जट पसरली असेल, तर ती सोडवण्याचा हट्ट धरणे हा कुत्र्यावर अन्यायच आहे. तासन् तास ओढाताण करण्यापेक्षा सारे केस कातडीलगत कापणे हाच दयाळू उपाय. असे काम अनुभवी ग्रूमरकडून किंवा पशुवैद्याकडूनच करून घ्यावे. काही वेळा भूल द्यावी लागते. केस उतरल्यावर कातडी लाल दिसते, जखमा उघड्या पडतात. कानांवरील जड जट निघाल्यावर कुत्रे डोके जोराने झटकते आणि कानाच्या पाळीत रक्त साचून ती फुगू शकते. याचा दोष कापणाऱ्यावर येतो. खरे कारण त्याआधीच्या कित्येक आठवड्यांत असते.

कातडी ओली, लाल किंवा दुर्गंधीयुक्त असणे, अळ्या दिसणे, ताप, अन्न टाकणे, हात लावताच चावायला येणे, यांपैकी काहीही आढळल्यास पशुवैद्य गाठावा. गुंतागुंतीच्या आजारांसाठी परळ येथे १८८६ मध्ये स्थापन झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय या जुन्या संस्था आहेत.

केस आखूड करावेत का?

उन्हाळा आला की कुत्र्याचा 'चकोट' करण्याची प्रथा रूढ होत आहे. येथे जातीनुसार भेद करावा. ल्हासा, शिह त्झू आणि माल्टीज यांचे केस एक-दोन इंचांपर्यंत सरसकट आखूड करण्याने काही बिघडत नाही. ते पुन्हा वाढतात. सहा ते आठ आठवड्यांनी असे केस कापून घेतले, तर आठवड्यातून दोन-तीन वेळा विंचरणे पुरते. पॉमेरेनियन व स्पिट्झ यांचे केस मात्र मुळापासून भादरू नयेत. त्यांचे केस पुन्हा नीट न येणे, चट्टे पडणे, असे प्रकार घडतात. शिवाय कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. ते मुख्यतः धापा टाकून शरीर थंड ठेवते. उघडी कातडी उन्हात भाजते. अशा जातींना उन्हाळ्यात खरा आराम मिळतो तो गळलेली आतील लोकर विंचरून काढल्याने. मोकळ्या केसांतून हवा खेळते, जटेतून खेळत नाही.

लांब केस ही कुत्र्याची गरज नसते. ती पाळणाऱ्याची हौस असते. रोजचा वेळ देता येत असेल, तर ती हौस जरूर करावी. वेळ नसेल, तर केस आखूड ठेवावेत. त्यात कमीपणा नाही. केसांची लांबी कुत्र्याच्या छायाचित्रावरून न ठरवता घरातील माणसांच्या वेळेवरून ठरवावी. पिल्लू घेण्यापूर्वीच हा हिशेब मांडला, तर पुढचा त्रास टळतो.

लक्षात ठेवण्याजोगे

* रोज : कान, काखा, जांघा, शेपटीचे मूळ व पंजे बोटांनी तपासणे, लांब केस असल्यास थराथराने विंचरणे.
* प्रत्येक फेरीनंतर : गळपट्टा, हार्नेस किंवा रेनकोट काढणे, पाय व पोट कोरडे करणे, गोचीड आणि कुसळे पाहणे.
* आठवड्यातून एकदा : सर्वांगावर कंगव्याची परीक्षा, ब्रश व कंगवा साबणाने धुऊन वाळवणे.
* तीन-चार आठवड्यांनी : आधी विंचरून मग अंघोळ, कंडिशनर, मुळांपर्यंत वाळवणे, पुन्हा विंचरणे.
* सहा ते आठ आठवड्यांनी : ल्हासा, शिह त्झू व माल्टीज यांचे केस कापणे, पंजांमधील व गुदद्वाराभोवतीचे केस आखूड करणे.
* कधीही नाही : जटेवर पाणी ओतणे, टॉवेलने चोळणे, कातडीलगत कात्री चालवणे, रॉकेल किंवा फिनेल लावणे.